गोष्टीचा पत्ता

वाईच्या आमच्या घरात आजी सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडायला बसली की गोष्ट निघायचीच. 'नारदाची नारदी' ही तिची ठेवणीतली गोष्ट. नारदाला गर्व झाला, देवानं त्याला नदीत बुडी मारायला सांगितलं. तो वर आला तो बाई होऊनच. मग लग्न, संसार आणि साठ मुलगे. प्रभव, विभव, शुक्ल अशी साठ संवत्सरांची नावं आजी एका दमात म्हणायची, तेवढ्यात सुपातले खडे वेचून व्हायचे. पुढे ते साठही गेले. आक्रोश करत नारदीनं पुन्हा बुडी मारली, आणि वर आला तो नारद. "आणि देव काठावर तसाच उभा," आजी म्हणायची, "त्याचं ओलं धोतरसुद्धा अजून वाळलं नव्हतं." ते न वाळलेलं धोतर आजीचं स्वतःचं. पोथीत ते मला कुठे सापडलं नाही.

पुढे मी इटालियन शिकले, पुण्यात अनेक वर्षं शिकवली, आणि मध्ये एक हिवाळा फ्लॉरेन्समध्ये वाचत काढला. तिथे 'नोवेल्लिनो' हा जुना कथासंग्रह वाचताना एकविसाव्या गोष्टीपाशी थांबले. सम्राट दुसरा फ्रेडरिक जेवायला बसणार आहे, हातांवर पाणी घातलं जातंय. तेवढ्यात जादूविद्येचे तीन पंडित दरबारात येतात. आपली विद्या दाखवायला ते वादळ उठवतात, लोखंडी गोळ्यांसारख्या गारा पाडतात, दरबारी सैरावैरा पळतात. मग ते सम्राटाकडे बिदागी मागतात ती एका माणसाची. सम्राटाशेजारी उभ्या असलेल्या सान बोनिफाचोच्या काउंटनं आमच्याबरोबर यावं, आमच्या शत्रूंशी लढावं. काउंट जातो. लढाया जिंकतो, राज्य मिळवतो, लग्न करतो, त्याला मुलं होतात. पंडित निघून जातात आणि फार वर्षांनी परततात. तोवर काउंटचा मुलगा चाळीस वर्षांचा झालेला असतो. चला, सम्राटाला भेटून येऊ, असं ते सुचवतात. आता तिथे दुसरेच सम्राट असतील, मी कोणाकडे जाऊ, असं काउंट विचारतो. तरी ते त्याला नेतातच. दरबारात पाहतो तो फ्रेडरिकच्या हातांवर अजून तेच पाणी पडतंय.

मी पुस्तक मिटलं. हातावरचं पाणी आणि न वाळलेलं धोतर! बाहेर पाऊस होता, वाचनालयातले सगळे आपापल्या पुस्तकात होते आणि मला मात्र सुपातल्या तांदळाचा आवाज येत होता.

त्या दिवशी एक मोह झाला होता: ही गोष्ट आपल्याकडून तिकडे गेली, असं म्हणून टाकावं. तो मी टाळला, आणि आजही टाळते. सारखेपणा म्हणजे नातं नव्हे. काळाशी असा खेळ करणारी गोष्ट माणसाला दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर एक फरक डोळ्यांत भरला आणि पुढची सगळी वर्षं मी त्याच्याच मागे राहिले. आजीच्या गोष्टीतली नदी कुठलीही असू शकते. इटालियन गोष्टीतल्या माणसाला मात्र खरं आडनाव आहे. सान बोनिफाचो हे व्हेरोनाकडचं नामांकित घराणं होतं, तिकडच्या राजकारणात गुंतलेलं. ऐकणाऱ्यांना ते नाव ठाऊक होतं. चमत्कार घडला तो अशा ओळखीच्या माणसाच्या बाबतीत. थोडक्यात, गोष्टीला पत्ता होता.

'नोवेल्लिनो' तस्कनीच्या बोलभाषेत, तेराव्या शतकाच्या शेवटच्या वीसेक वर्षांत तयार झाला. आपल्याकडे ज्ञानेश्वरी १२९० ची आणि लीळाचरित्रही त्याच शतकाच्या उत्तरार्धातलं, हे ध्यानात घेतलं की काळ जवळचा वाटतो. लीळाचरित्र वाचलेल्याला त्यातली शैलीही परकी वाटणार नाही. छोटे छोटे गद्य प्रसंग, वर्णन जवळजवळ नाहीच, एक प्रश्न, एक उत्तर आणि प्रसंग संपला. बोलोन्यात १५२५ साली कार्लो ग्वाल्तेरुत्सीनं तो पहिल्यांदा छापला तो शंभर गोष्टींचा संग्रह म्हणून. कुठल्या जातीच्या गोष्टी त्यात नाहीत? प्रवचनकारांचे दृष्टांत आहेत, बायबलातले राजे आहेत, फ्रान्सहून आलेल्या आर्थर राजाच्या शूरवीरांच्या कहाण्या आहेत, बाजारातले विनोद आहेत. लान्सलॉटच्या प्रेमात झुरून मेलेली आणि नावेतून दरबारात पोचलेली मुलगी आहे. अलेक्झांड्रियातल्या एका सारासेन आचाऱ्याची गोष्ट आहे. एका गरिबानं त्याच्या भांड्यातल्या वाफेवर आपली भाकरी धरून खाल्ली म्हणून तो पैसे मागतो, आणि निवाडा होतो की वाफेची किंमत नाण्याच्या आवाजानं चुकवावी. ही गोष्ट आपल्याकडे बिरबलाच्या नावावर ऐकलेले वाचक पुष्कळ असतील.

हे सगळं एकाच पुस्तकात शेजारी शेजारी नांदतं, ही मला फार महत्त्वाची बाब वाटते. 'परीकथा' असा वेगळा कप्पा तिथे नाही. 'नोवेल्ला' याचा मूळ अर्थ नवी गोष्ट, वार्ता. बोकाच्चो आपल्या डेकामेरॉनच्या सुरुवातीलाच चार नावं पुढे ठेवतो आणि यांतलं कुठलंही म्हणा असं सुचवतो: नोवेल्ला, कल्पित कथा, दृष्टांतकथा किंवा इतिहास. परीला इटालियनमध्ये 'फाता' म्हणतात. तो शब्द निघाला लॅटिनमधल्या नियतीवाचक शब्दातून. आपला 'परी' तर फारसीतून आलेला. आजीनं तो कधी तोंडी आणला नाही. तिच्या लेखी एक तर गोष्ट असायची, नाहीतर कहाणी.

म्हणून त्या काळातल्या कथेची जात ओळखायची तर मी तिला पहिला प्रश्न पत्त्याचा विचारते. चमत्कार आहे की नाही, हे नंतर. तो कोणाच्या दारात घडला?

एकतिसावी गोष्ट बघा. एझेलिनो द रोमानो हा पादुआ आणि आसपासच्या मुलखाचा जुलमी सत्ताधीश, १२५९ मध्ये मेला. दान्तेनं त्याला नरकात उकळत्या रक्ताच्या नदीत बुडवून ठेवलंय, इतकी त्याची दहशत. हिवाळ्याच्या लांब रात्रींसाठी त्यानं एक गोष्टी सांगणारा बाळगला होता. एका रात्री त्या कथेकऱ्याला अतोनात झोप येत होती, आणि धन्याची फर्माईश होती गोष्टीची. त्यानं सुरू केलं: एका शेतकऱ्यानं शंभर नाणी घेऊन जत्रेतून मेंढ्या घेतल्या, नाण्याला दोन. परतताना पाहतो तो पावसानं नदी फुगलेली. काठावर एक गरीब कोळी, त्याची नाव इतकी लहान की शेतकरी आणि एक मेंढी एवढंच मावे. शेतकऱ्यानं एक मेंढी चढवली आणि वल्हवायला लागला. नदीचं पात्र मोठं होतं. एवढं सांगून कथेकरी गप्प. एझेलिनो म्हणाला, पुढे सांग. कथेकरी म्हणाला, मेंढ्या तर पलीकडे जाऊ द्या, मग पुढचं सांगतो. आणि तो निवांत झोपला.

आपल्याकडे हीच युक्ती चिमणी करते. न संपणारी गोष्ट हवी असलेला राजा, धान्याचं कोठार, भिंतीला एक भोक. चिमणी येते, एक दाणा घेते आणि भुर्र. मग दुसरी चिमणी येते. लहानपणी मी यावर रडल्याचं आठवतं.

मेंढ्यांचा मार्ग मात्र कागदोपत्री दाखवता येतो. बाराव्या शतकाच्या आरंभी पेत्रुस आल्फोन्सी या स्पेनमधल्या विद्वानानं ही गोष्ट लॅटिनमध्ये लिहून ठेवली. तो जन्मानं ज्यू, ११०६ मध्ये वेस्का इथे ख्रिस्ती झालेला, अरबी कथांचा जाणकार. त्याच्या पुस्तकात मेंढ्या आहेत दोन हजार, नाव दोन मेंढ्यांची, आणि ऐकणारा राजा बिननावाचा. म्हणजे हजार खेपा. इटालियन कथेकऱ्यानं आकडा दोनशेवर आणला, नाव आणखी लहान केली आणि बिननावाच्या राजाच्या जागी बसवला एझेलिनो. या शेवटच्या बदलानं गोष्टीची जात पालटली. आता ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ज्याच्यासमोर चूक म्हणजे मरण, त्याच्यासमोर एक दमलेला नोकर केवळ गोष्टीच्या बळावर झोप मिळवतो. गोष्टीची ताकद इतक्या थोड्या शब्दांत सांगणारं दुसरं काही मी वाचलेलं नाही.

पत्ता बदलला की गोष्ट कशी बदलते, याचं सगळ्यात लांबच्या पल्ल्याचं उदाहरण थेट आपल्या मातीतून निघालंय. गौतम बुद्धाची कथा अरबी आणि जॉर्जियन भाषांतून युरोपात पोचली आणि तिथे ती बार्लाम आणि जोसाफत या ख्रिस्ती संतांची कथा झाली. जोसाफत हे नाव 'बोधिसत्त्व' या शब्दाचंच झिजलेलं रूप. त्या कथेत एक उपकथा आहे, एकांतात वाढवलेल्या राजपुत्राची. तिला ऋष्यशृंगाच्या कथेची सय आहे. 'नोवेल्लिनो'त ती चौदावी. ज्योतिषी सांगतात की मुलाला दहा वर्षं सूर्य दिसू देऊ नका. मग एक दिवस त्याला बाहेर आणून जगातल्या सुंदर वस्तू दाखवतात, प्रत्येकीचं नाव सांगतात, आणि मुलींचं नाव सांगतात 'भुतं'. यातलं काय आवडलं, असं विचारल्यावर तो म्हणतो, भुतं. या राजाला अजून नाव नाही, गाव नाही.

पन्नासेक वर्षांनी ती बोकाच्चोच्या हाती आली. डेकामेरॉन त्यानं १३४८ च्या प्लेगनंतर लिहायला घेतलं: दहा जणांनी दहा दिवसांत सांगितलेल्या शंभर गोष्टी. चौथ्या दिवसाच्या सुरुवातीला तो स्वतः मध्ये येऊन एक वरकड गोष्ट सांगतो, अर्धीच. फ्लॉरेन्सचा फिलिप्पो बाल्दुच्ची, बायको गेल्यावर लहानग्या पोराला घेऊन शहराजवळच्या डोंगरावर तप करत राहिलेला. पोर अठराचं होतं, बापाबरोबर शहरात उतरतं, लग्नाहून येणाऱ्या मुली बघतं आणि विचारतं, हे काय? बाप म्हणतो, ही हंसिणीची पिल्लं. मुलगा म्हणतो, मग एक घरी नेऊ या ना, मी तिला चारा घालीन.

भुतांची हंसपिल्लं झाली! माझ्या मते मध्ययुगीन इटालियन कथेचा निम्मा इतिहास या एका शब्दबदलात आहे. दृष्टांतातलं भूत उपदेशासाठी होतं. फ्लॉरेन्सच्या रस्त्यावर, खऱ्या आडनावाच्या बापाच्या तोंडी ते शोभेना. तिथे बाजारात विकायला येणारा पक्षीच हवा. बोकाच्चोनं तारुण्य नेपल्समध्ये बार्दी पेढीच्या कारभारात घालवलं होतं. व्यापारी वाचक त्याला ठाऊक होता, आणि त्या वाचकाला पत्ता लागतो.

पण चमत्काराला त्यानं अगदी हद्दपार केलं नाही. शेवटच्या, दहाव्या दिवशी औदार्याच्या गोष्टी आहेत. त्यांत उदिने शहरी भर जानेवारीत फुललेली बाग आहे, आणि पावियाचा तोरेल्लो आहे. सुलतान सलाउद्दीन व्यापाऱ्याच्या वेषात लोंबार्दीत फिरत असताना तोरेल्लोनं अनोळखी पाहुणा म्हणून त्याचं आतिथ्य केलेलं असतं. पुढे तोरेल्लो धर्मयुद्धावर जातो, कैद होतो, आणि सुलतानाचे शिकारी ससाणे सांभाळता सांभाळता ओळखला जातो. बायकोला त्यानं वाट पाहण्याची मुदत दिलेली: एक वर्ष, एक महिना, एक दिवस. ती संपत आलेली. तेव्हा सलाउद्दीनचा मांत्रिक त्याला पलंगासकट एका रात्रीत उडवून पावियाच्या सान पिएत्रो इन च्येल दोरो या चर्चमध्ये उतरवतो. हे चर्च आजही उभं आहे, संत ऑगस्टीनच्या अस्थी तिथे आहेत. आणि त्या पलंगाचं वर्णन! मखमल, जरीचं कापड, मोती, रत्नं, उशा, एकेक जिन्नस सराफानं टिपण करावं तसा नोंदलेला. उडणारा पलंग आपल्याला 'अरेबियन नाईट्स'च्या जगातला वाटतो. इथे मात्र त्याची यादी आहे आणि उतरायचं ठिकाण ठरलेलं आहे.

मग बिनपत्त्याच्या गोष्टी गेल्या कुठे? त्या चौकात गेल्या.

फ्लॉरेन्समध्ये दान्तेचं म्हणून दाखवतात त्या घराजवळ सान मार्तिनोचा चिमुकला चौक आहे. पर्यटकांची रांग दान्तेच्या दाराशी असते, इकडे कोणी फारसं वळत नाही. चौदाव्या-पंधराव्या शतकांत इथे कान्तेरिनी, म्हणजे कथागायक, उभे राहायचे. ते गात त्या रचनांना 'कान्तारी' म्हणत: आठ-आठ ओळींची कडवी, सहा ओळी एकाआड एक यमकाच्या आणि शेवटच्या दोन जोडीनं. एका बैठकीला साधारण चाळीस-पन्नास कडवी. सुरुवात देवाला किंवा मेरीमातेला हात जोडून, शेवट ऐन रंगात तोडलेला, म्हणजे लोक उद्या परत येतील आणि आज खिशात हात घालतील. आपल्या गोंधळ्यांचं किंवा शाहिरांचं गण-नमन आठवावं, असाच हा रिवाज. मी त्या चौकात बऱ्याच संध्याकाळी नुसती उभी राहिले. जागा लहान आहे. मागच्या माणसापर्यंत आवाज सहज पोचला असेल.

या गायकांसाठी रचना करणाऱ्यांतलं एक नाव पक्कं ठाऊक आहे: अंतोनियो पुच्ची, १३८८ मध्ये वारलेला. तो शहराचा घंटा वाजवणारा होता, पुढे दवंडी देणारा झाला. दिवसा नगराच्या खऱ्या बातम्या ओरडून सांगणाऱ्या या माणसानं 'जिस्मिरान्ते' रचला. त्यात एक रानटी पुरुष राजकन्येला पळवतो. त्याचा प्राण त्याच्या शरीरात नाही. तो आहे एका रानडुकरात, डुकराच्या पोटात ससा, सशाच्या पोटात चिमणी. 'लिओम्ब्रुनो' नावाच्या दुसऱ्या, बिननावाच्या रचनेत कोळी बाप मुलाला सैतानाला देऊन बसतो. गरुडपक्षीण त्याला उचलून वाचवते, आणि ती असते आक्विलिना नावाची परी. पुढे तो तिच्या रूपाची बढाई मारतो, वचन मोडतं, ती नाहीशी होते. मग चोरांकडून लांबवलेले वाऱ्याहून वेगवान बूट आणि अदृश्य करणारा झगा घेऊन तो तिला शोधत निघतो. या गोष्टींत ग्रॅनडा आणि रोम अशी नावं येतात, पण ती आपल्या आटपाट नगरासारखी. त्या रोममध्ये कुठली गल्ली नाही. पत्ता गोष्टीला नसून गाण्याच्या जागेला आहे: सान मार्तिनो, संध्याकाळची वेळ.

विद्वानांनी या कान्तारींकडे फार दिवस पाठ फिरवली. चौकातलं, अडाण्यांसाठीचं, म्हणून. एत्सिओ लेवीनं १९१४ मध्ये त्यांचा एक चांगला संग्रह काढला तेव्हा कुठे अभ्यासकांना त्या नीट वाचायला मिळाल्या. मला हे दुर्लक्ष अन्यायाचं वाटतं. बोकाच्चोनं भुतांची हंसपिल्लं केली हे त्याचं मोठेपण खरंच, पण भुतं जपून ठेवली ती घंटा वाजवणाऱ्यानं.

रानडुकरातल्या चिमणीवरून आपल्याकडे यायला मला परवानगी आहे, कारण इथे धागा खरा आहे. गोष्टींच्या अभ्यासकांनी शरीराबाहेर ठेवलेल्या प्राणाची उदाहरणं देशोदेशींहून गोळा केली, तेव्हा त्यांच्या यादीत वारंवार येणारी एक भारतीय गोष्ट होती 'पंचकिन'. मांत्रिकाचा प्राण पोपटात, पोपट पिंजऱ्यात, त्यावर पाण्याच्या सहा घागरी. ही गोष्ट मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिच्या 'ओल्ड डेक्कन डेज' या १८६८ च्या पुस्तकात आली. तिला ती सांगितली अॅना लिबराटा डिसोझा या आयेनं, दख्खनच्या दौऱ्यावर असताना. अॅनाच्या आजोबांचं घराणं लिंगायत, कालिकतकडून येऊन गोव्याजवळ स्थिरावलेलं आणि तिथे ख्रिस्ती झालेलं. अॅनानं गोष्टी ऐकल्या होत्या आपल्या आजीकडून. हे आपल्याला कळतं ते केवळ मेरीनं पुस्तकाच्या सुरुवातीला अॅनाचं आत्मवृत्त, तिच्याच तोंडचं, छापलं म्हणून.

'नोवेल्लिनो'त एकोणनव्वदावी गोष्ट आहे. मेजवानीत एक जण इतकी लांबण लावतो की संपवतच नाही. शेवटी वाढणारा नोकर म्हणतो, तुम्हाला ही गोष्ट ज्यानं शिकवली त्यानं ती पुरी शिकवली नाही. का? शेवट शिकवायचा राहिला. आजीच्या कहाण्या 'सुफळ संपूर्ण' या शब्दांशी थांबायच्या. तिच्याकडे ही तक्रार कोणाला करता आली नसती.

माझी मात्र तिच्याबद्दल नव्हे, स्वतःबद्दल तक्रार आहे. तिनं 'नारदी' कोणाकडून ऐकली, माहेरी की सासरी, ते मी कधी विचारलं नाही. तुमच्या घरात गोष्ट सांगणारं कोणी असेल तर आजच विचारा आणि गोष्टीच्या शेजारी सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. 'नोवेल्लिनो'चं एक जुनं हस्तलिखित फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. सम्राटाचं, जुलमी सत्ताधीशाचं, अलेक्झांड्रियातल्या आचाऱ्याचंसुद्धा नाव या संग्रहात सापडतं. ज्यानं तो संग्रह लिहिला, त्याचं नाव कुठेच नाही.